युरोपियाना: पाच कोटी नोंदींतून हवं ते शोधायचं कसं

युरोपचा इतिहास त्या त्या काळच्या चित्रांतून, पत्रांतून, नकाशांतून आणि वर्तमानपत्रांतून पाहायचा असेल, तर एका जागी एवढं साहित्य फुकट दाखवणारं युरोपियानासारखं दुसरं संकेतस्थळ नाही. तरीही पहिल्यांदा तिथे गेलेला माणूस बहुधा वैतागून परततो. एखादा साधा शब्द टाकला की हजारोंनी निकाल समोर येतात. त्यातले पहिले काही वाळवलेल्या वनस्पतींचे कागद, पुढचे उत्खननात मिळालेल्या खापरांचे फोटो. एखादं चित्र आवडलं म्हणून उघडावं तर ते काडेपेटीएवढं, आणि मूळ संग्रहालयाच्या लिंकवर जावं तर तिथे पानच नाही.

या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. युरोपियाना हे संग्रहालय नाही, ती सूची आहे. वस्तू आणि तिच्या मोठ्या फाइली ज्या त्या संस्थेकडेच राहतात. युरोपियानाकडे असते ती वस्तूची नोंद, सुमारे ४०० पिक्सेल रुंदीचं लघुचित्र आणि मूळ जागेचा पत्ता. संस्थेने मोठ्या फाइलचा थेट पत्ता दिला असेल तर युरोपियानाच्याच पानावर चित्र मोठं उघडतं, नसेल तर लघुचित्रावर भागवावं लागतं. म्हणून शोध इथे घ्यायचा आणि पाहणं, वाचणं, उतरवून घेणं मूळ संस्थेकडे करायचं. एवढी एक सवय लावून घेतली तर ही सूची फार मोलाची आहे.

तिची घडण अशी का झाली, ते तिच्या जन्मातच आहे. डिसेंबर २००४ मध्ये गूगलने मोठ्या ग्रंथालयांमधली पुस्तकं स्कॅन करण्याची घोषणा केली. एप्रिल २००५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष झाक शिराक आणि जर्मनी, स्पेन, इटली, पोलंड, हंगेरी या देशांच्या नेत्यांनी युरोपीय आयोगाच्या अध्यक्षांना पत्र लिहून युरोपच्या सामायिक डिजिटल ग्रंथालयाची मागणी केली. २० नोव्हेंबर २००८ रोजी युरोपियाना सुरू झालं आणि त्याच दिवशी बंद पडलं, कारण तासाला सुमारे एक कोटी विनंत्या येत होत्या आणि सर्व्हरची तेवढी तयारी नव्हती. डिसेंबरमध्ये ते पुन्हा उघडलं. कारभार पाहणाऱ्या प्रतिष्ठानाचं कार्यालय हेगमध्ये, नेदरलँड्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या इमारतीत आहे. म्हणजे सुरुवातीपासून हा अनेक देशांच्या सूच्या एकत्र आणण्याचा उद्योग. एका संस्थेने स्वतःचा संग्रह मांडावा तसा एकजिनसीपणा त्यात कधी नव्हता आणि पुढेही येणार नाही.

आज नोंदींची संख्या पाच कोटींच्या वर आहे. हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. सहाशे पानांचं पुस्तक ही एक नोंद, आणि खापराचा एक तुकडा हीसुद्धा एक नोंद. त्यामुळे एखाद्या देशाच्या किंवा विषयाच्या नावापुढे दिसणाऱ्या आकड्यावरून तिथे किती ऐवज आहे ते कळत नाही. ज्या देशाने डिजिटायझेशनवर पैसा आणि माणसं घातली त्याचा वाटा मोठा दिसतो, इतकाच त्याचा अर्थ.

नोंद कुठून येते आणि वाटेत काय बिघडतं

हा भाग रुक्ष वाटेल, पण इथलं बहुतेक सगळं बरंवाईट यातूनच समजतं. छोटं संग्रहालय आपली माहिती थेट युरोपियानाला देत नाही. ती आधी संकलकाकडे जाते. काही संकलक देशाचे असतात, जसं जर्मनीचं डॉइचे डिजिटाले बिब्लिओथेक किंवा स्पेनचं हिस्पाना. काही विषयाचे असतात: दूरचित्रवाणीसाठी ईयूस्क्रीन, चित्रपटांसाठी युरोपियन फिल्म गेटवे, वाद्यांसाठी मिमो, अभिलेखागारांसाठी आर्काइव्ह्ज पोर्टल युरोप. संकलक ती माहिती युरोपियानाच्या ठरलेल्या साच्यात बसवतो आणि पुढे पाठवतो.

प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळतं. संग्रहालयाच्या मूळ नोंदीत चित्रकार, छापणारा आणि प्रकाशक हे तीन वेगळे रकाने असतील, तर साच्यात बसवताना तिघेही ‘निर्माता’ होऊन जातात. जुन्या कोरीवचित्रांत हे फार आढळतं. मूळ चित्र रुबेन्सचं, त्यावरून कोरीवकाम दुसऱ्याचं, आणि नोंदीत दोन्ही नावं शेजारी शेजारी. रुबेन्सचं नाव दिसलं म्हणून ते चित्र त्याच्या हातचं धरू नये. तंत्राचा रकाना वाचावा: ‘एचिंग’ किंवा ‘एन्ग्रेव्हिंग’ असं असेल तर कोरणारा कोण ते मूळ नोंदीत पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लिंक मेल्याची तक्रारही इथलीच. संस्था आपलं संकेतस्थळ बदलते, जुने पत्ते बंद होतात आणि नवी माहिती संकलकामार्फत वर पोहोचेपर्यंत युरोपियानात जुनाच पत्ता दिसत राहतो. अशा वेळी ‘पान सापडले नाही’ पाहून सोडून देऊ नका. नोंदीच्या तळाशी ‘आयडेंटिफायर’ म्हणून संस्थेचा स्वतःचा क्रमांक असतो. तो जसाच्या तसा, मधल्या रेघा आणि टिंबांसह, संस्थेच्या संकेतस्थळावरच्या शोधात टाका. वस्तू बहुतेक वेळा सापडतेच, आणि तिथली माहिती युरोपियानातल्यापेक्षा ताजी असते.

याच कारणासाठी लेखात किंवा प्रबंधात संदर्भ देताना युरोपियानाचा पत्ता एकटा देणं धोक्याचं आहे. संस्थेने माहिती नव्याने पाठवली की तो पत्ताही बदलू शकतो. संस्थेचं नाव, वस्तूचा क्रमांक आणि असेल तर कायमस्वरूपी ओळख, म्हणजे आर्क, हँडल, डीओआय यांपैकी काहीतरी, असा संदर्भ द्यावा. तो पंधरा वर्षांनीही उघडण्याची शक्यता कितीतरी जास्त.

शोध

चौकोनात नुसता शब्द टाकला तर तो नोंदीत कुठेही असला तरी चालतो. ‘पॅरिस’ टाकलं की पॅरिसची चित्रं येतात, पॅरिसमध्ये छापलेली पुस्तकं येतात आणि पॅरिस आडनावाची माणसंही येतात. हे टाळायचं तर चार इंग्रजी शब्द लक्षात ठेवायचे: हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन. त्यापुढे जागा न सोडता कोलन आणि मग अवतरणचिन्हांत हवा तो मजकूर. निर्मात्याला ‘हू’, विषयाला ‘व्हॉट’, जागेला ‘व्हेअर’, काळाला ‘व्हेन’. दोन अटी जोडायला मध्ये मोठ्या अक्षरांत अँड, पर्यायासाठी ऑर, वगळायला नॉट. लहान अक्षरांत लिहिले तर ते साधे शब्द समजले जातात आणि अट लागत नाही. शब्दाचा शेवट नक्की नसेल तर तारांकन टाकावं.

वनस्पतींचे कागद आणि खापरं बाजूला करण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आधी विषय निवडणं. कला, फॅशन, संगीत, नकाशे, हस्तलिखितं, छायाचित्रं, वर्तमानपत्रं, स्थलांतर, औद्योगिक वारसा, पहिलं महायुद्ध असे विषय डावीउजवीकडच्या फिल्टरांत मिळतात. विषय निवडल्यावर मगच शब्द टाकावा. रंगाचाही फिल्टर आहे. कापडाचे नमुने आणि भित्तिपत्रकं पाहणाऱ्यांना तो खरोखर उपयोगी पडतो.

वर्षाचा फिल्टर मात्र जपून. ‘अठरावं शतक’, ‘सुमारे १८९०’, ‘तारीख नाही’ अशा शब्दांत काळ लिहिलेल्या बऱ्याच नोंदी यंत्राला वर्ष म्हणून वाचता येत नाहीत, आणि वर्षाची मर्यादा घातली की त्या गुपचूप गळतात. आधी वर्ष न घालता शोधा, किती निकाल आले ते पाहा, मग वर्ष घाला. आकडा एकदम दहाव्या हिश्श्यावर आला तर समजा की हवं ते साहित्य काळाअभावी गळलेल्यांतही असू शकतं. चौकटी कंसातलं वर्ष दिसलं तर तो सूचीकाराचा अंदाज असतो, वस्तूवर छापलेलं वर्ष नव्हे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या कागदांवर प्रजासत्ताक पंचांगाची वर्षं असतात. ते पंचांग १७९३ पासून १८०५ अखेरपर्यंत चाललं. ‘वर्ष दुसरं’ असं लिहिलेला कागद १७९३-९४ चा, आणि त्याची नोंद कोणत्या वर्षाखाली झाली हे सूचीकाराच्या मर्जीवर.

यापेक्षाही जास्त निकाल हातचे जातात ते गावांच्या नावांमुळे. मध्य आणि पूर्व युरोपातल्या शहरांची राजवट बदलली तशी नावं बदलली, आणि नोंदी त्या त्या काळच्या नावाने आहेत. आजचं ल्विव ऑस्ट्रियाच्या अमलात लेम्बेर्ग होतं, दोन महायुद्धांच्या मधल्या पोलंडमध्ये ल्वुव. ब्रातिस्लाव्हा हे नाव १९१९ चं. त्याआधी जर्मन कागदांत प्रेसबुर्ग, हंगेरियन कागदांत पोझोन्य. आजचं व्रोत्सवाफ १९४५ पर्यंत ब्रेसलाउ. टॅलिनचं जुनं नाव रेवाल. ऑस्लो १९२५ पर्यंत क्रिस्तियानिया होतं आणि तेसुद्धा कधी सी, कधी के अक्षराने. शोधपट्टीत टाइप करताना खाली जी सूचना येते, त्यातलं ठिकाणाचं नाव निवडलं तर काही रूपं आपोआप जमतात, कारण त्या नावामागे अनेक भाषांतली रूपं जोडलेली असतात. पण ते जोडकाम सगळ्या नोंदींपर्यंत पोहोचलेलं नाही. गंभीर शोधासाठी सगळी नावं ऑरने जोडून स्वतः टाकावीत.

वर्तमानपत्रं: इथला सगळ्यात मोलाचा भाग

बाकी सगळं सोडून फक्त वर्तमानपत्रांसाठी युरोपियाना वापरलं तरी त्याचं सार्थक होतं. २०१२ ते २०१५ या काळात युरोपभरच्या ग्रंथालयांनी मिळून सुमारे एक कोटी पानांवर अक्षरओळख चालवली, म्हणजे पानाच्या चित्रातली छापील अक्षरं यंत्राकडून वाचून घेतली. व्हिएन्ना, बर्लिन, हॅम्बुर्ग इथली ग्रंथालयं आणि लॅटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड, पोलंड यांची राष्ट्रीय ग्रंथालयं त्यात आहेत. त्यामुळे पानाच्या आतल्या मजकुरात शोध घेता येतो. मात्र सगळ्याच पत्रांवर ही प्रक्रिया झालेली नाही. काहींची नुसती छायाचित्रं आहेत. शोधाआधी ‘पूर्ण मजकूर’ हा पर्याय चालू आहे का ते पाहावं, नाहीतर फक्त पत्राच्या नावात शोध होतो आणि काहीच मिळत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. २८ जून १९१४, रविवार, सारायेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचे वारस आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नी सोफी यांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशीच्या पत्रांनी ती बातमी कशी दिली ते पाहायचं आहे. तारखेच्या फिल्टरात २८ ते ३० जून घालावं, कारण काही पत्रांनी रविवारीच जादा अंक काढले. आता शब्द. आजच्या इंग्रजी स्पेलिंगने शहराचं नाव टाकलं तर थोडंच हाती लागतं. त्या वेळच्या जर्मन पत्रांत ते पहिल्या स्वरासाठी कधी ए, कधी ई घेऊन येतं आणि व्हीच्या जागी डब्ल्यू असतो. फ्रेंच पत्रांतही ई असलेलं रूप सर्रास आढळतं. सगळी रूपं ऑरने जोडावीत. मयताचं नावही सगळीकडे नाही. मथळ्यांत ‘थ्रोनफोल्गर’, म्हणजे गादीचा वारस, हाच शब्द बऱ्याचदा आहे, तर तोही जोडावा.

मग येते अक्षरांची अडचण. जर्मन पत्रं फ्राक्टुर या टोकदार वळणाच्या टायपात छापली जात. त्यात शब्दाच्या आरंभी आणि मध्ये लहान एस लांब काढतात आणि तो एफसारखा दिसतो. यंत्र त्याला एफच वाचतं. त्यामुळे ‘कायझर’ शब्द मजकुरात मधल्या एसऐवजी एफ घेऊन बसलेला सापडतो. मोठ्या एसने सुरू होणाऱ्या नावांना ही बाधा होत नाही. म्हणून फ्राक्टुरमध्ये शक्यतो विशेषनामं आणि मधे एस नसलेले शब्द शोधावेत, नाहीतर एसच्या जागी एफ घालून दुसऱ्यांदा शोध घ्यावा. १९०१ च्या परिषदेनंतर जर्मन शुद्धलेखन बदललं हेही विसरू नये. दरी या अर्थाचा ‘ताल’ शब्द आधी टी-एच ने लिहीत, पुढे नुसत्या टी ने. एकोणिसाव्या शतकातली पत्रं शोधताना दोन्ही रूपं लागतात.

आता रीगा आणि टॅलिनकडे जाऊ. ही शहरं तेव्हा रशियन साम्राज्यात होती आणि तिथे जुनं ज्युलियन पंचांग चालू होतं, ते विसाव्या शतकात तेरा दिवस मागे. सारायेव्होची हत्या तिथल्या हिशोबाने १५ जूनला झाली. दुसऱ्या दिवशीच्या अंकावर १६ (२९) जून अशा दोन तारखा असतात आणि सूचीत त्यातली कोणतीतरी एक चढलेली असते. फिल्टरात फक्त २९ जून घातली तर हे अंक निसटतात. रशियाने हे पंचांग १९१८ मध्ये सोडलं, ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी मोजून. ग्रीसमध्ये नागरी व्यवहारात ते १९२३ पर्यंत चाललं. या प्रदेशांसाठी दोन्ही तारखांनी शोधण्याला पर्याय नाही.

एवढी खटपट केल्यावर जे समोर येतं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. एकाच घटनेच्या व्हिएन्ना, हॅम्बुर्ग, हेलसिंकी आणि रीगा इथल्या बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. शोकाच्या काळ्या चौकटी कुणी टाकल्या, बातमीला कोणतं पान मिळालं, शेजारच्या स्तंभात कोणत्या जाहिराती होत्या हे सगळं डोळ्यांना दिसतं. म्हणून यंत्राने काढलेल्या मजकुरावर विसंबू नये, पानाचं चित्र उघडावं. उतारा उद्धृत करायचा असेल तर तो चित्रावरून स्वतः टिपून घ्यावा.

पहिल्या महायुद्धाच्या संग्रहाची जात वेगळी आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने २००८ मध्ये लोकांकडच्या वस्तू जमवण्याचा जो प्रयोग केला, तो २०११ पासून जर्मनीत आणि मग इतर देशांत नेण्यात आला. लोक घरातली पत्रं, रोजनिशा, पदकं, फोटो घेऊन ग्रंथालयात येत, तिथे त्यांचं डिजिटायझेशन होई आणि वस्तू घरी परत जाई. ही सामग्री मुक्त परवान्याखाली आहे. तिची माहिती कुटुंबीयांनी सांगितलेली आहे, इतिहासकाराने तपासलेली नाही. पलटणीचं नाव, ठिकाण, तारीख यांची स्वतंत्र खातरजमा करावी लागते. हस्ताक्षरातली पत्रं वाचून टंकलिखित करण्यासाठी ट्रान्सक्रायबाथॉन नावाचं वेगळं संकेतस्थळ २०१६ पासून आहे. प्रत्येक पानावर काम सुरू नाही, चालू आहे, तपासणीत आहे, पूर्ण झालं अशी अवस्था दिसते. पूर्ण झालेली पानंच आधाराला घ्यावीत.

चित्र उतरवून घेणं, छापणं, हक्क

इथे एक जुनं आणि बोलकं प्रकरण आहे. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये वेर्मेरचं ‘दूधवाली’ हे सुमारे १६६० चं चित्र आहे. त्याच्या हजारो निकृष्ट, पिवळट पडलेल्या प्रती इंटरनेटवर पसरल्या होत्या. इतक्या, की संग्रहालयाच्या दुकानातलं बरोबर रंगांचं पोस्टकार्ड लोकांना खोटं वाटू लागलं. यावर संग्रहालयाने काढलेला उपाय म्हणजे स्वतःच उत्तम प्रत मोकळी करणं. युरोपियानाने २०११ मध्ये याच ‘पिवळ्या दूधवाली’चं नाव देऊन एक टिपण काढलं आणि संस्थांना माहिती मोकळी करायला सांगितलं. २०१२ मध्ये युरोपियानाच्या नोंदींचा मजकूर, म्हणजे शीर्षक, काळ, वर्णन वगैरे, सीसी झीरोखाली कुणालाही कसाही वापरण्यासाठी खुला झाला. लक्षात ठेवायचं ते हे, की खुला झाला तो नोंदीचा मजकूर. चित्राचा हक्क वेगळा असतो आणि तो दर नोंदीवर वेगळा लिहिलेला असतो.

तो एका ओळीत वाचता येतो. ‘पब्लिक डोमेन’ किंवा ‘सीसी झीरो’ असेल तर पुस्तकात, मुखपृष्ठावर, मालावर कुठेही छापा. ‘सीसी बाय’ असेल तर श्रेय द्या. ‘एसए’ जोडलेलं असेल तर बदल करून केलेलं नवं कामही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. ‘एनसी’ दिसलं की विक्रीचं पुस्तक बाद. ‘एनडी’ असेल तर चित्र कापता किंवा रंगवता येणार नाही. ‘इन कॉपीराइट’ असेल तर संस्थेला लिहून परवानगी मागण्याशिवाय मार्ग नाही. ‘कॉपीराइट तपासलेला नाही’ असाही शेरा असतो, आणि तो परवाना नव्हे. शोधतानाच ‘मला हे वापरता येईल का’ हा फिल्टर लावून मुक्त साहित्य वेगळं काढता येतं. छापील कामासाठी तिथूनच सुरुवात करावी.

काही संस्था तीनशे वर्षांपूर्वीच्या चित्राच्या फोटोवरही स्वतःचा हक्क लिहून ठेवतात. युरोपीय संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशातलं कलम १४ सांगतं, की हक्कमुक्त दृश्यकृतीच्या हुबेहूब प्रतिकृतीवर नवा हक्क निर्माण होत नाही, छायाचित्रणात स्वतंत्र सर्जन असेल तर गोष्ट वेगळी. सगळ्या जुन्या नोंदी मात्र अजून त्याप्रमाणे सुधारलेल्या नाहीत. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा त्याच कृतीची दुसऱ्या संस्थेकडची प्रत शोधावी. कोरीवचित्रं, नकाशे, छापील पुस्तकं यांच्या प्रती एकाहून जास्त असतात आणि त्यातली एखादी बहुधा मुक्त सापडते.

आकाराचा हिशोबही सांगून टाकतो. फिल्टरात चार आकार आहेत: अर्ध्या मेगापिक्सेलच्या आतला लहान, एकपर्यंत मध्यम, चारपर्यंत मोठा, त्यापुढे अतिमोठा. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ए-पाच आकाराचं पान भरायला सुमारे ४.३ मेगापिक्सेल लागतात आणि ए-चारला सुमारे ८.७. म्हणजे पूर्ण पानाचं चित्र हवं असेल तर ‘अतिमोठा’च निवडायचा, आणि त्यातही प्रत्यक्ष पिक्सेल मोजून पाहायचे. ‘मोठा’ या शब्दावर विसंबून छपाईला दिलेलं चित्र ए-चारवर फुटतं. उतरवून घेताना श्रेयाची तयार ओळ मिळते. ती फाइलसोबतच एका मजकूर फाइलमध्ये ठेवावी. महिन्याभराने कोणतं चित्र कोणाचं ते आठवत नाही.

विसाव्या शतकातली पोकळी हा युरोपियानाचा सगळ्यात मोठा उणेपणा, आणि त्यात त्यांचा दोष नाही. युरोपीय संघात निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क टिकतो. मोंद्रियान १९४४ मध्ये गेला, त्याची चित्रं २०१५ पासून मोकळी. मातिस १९५४ मध्ये गेला, तो २०२५ पासून मोकळा. पिकासो १९७३ मध्ये गेला, म्हणजे २०४४ पर्यंत थांबायचं. परिणाम असा, की १९०० च्या आधीचं जग इथे भरघोस दिसतं आणि १९५० नंतरचं विरळ. या संग्रहावरून युरोपच्या आधुनिक कलेचं चित्र मनात तयार केलं तर ते हमखास चुकेल.

निवडून मांडलेले भाग

ज्यांना शोधाची दगदग नको त्यांच्यासाठी संपादकांनी निवडलेली प्रदर्शनं आणि दालनं आहेत. त्यांचा दर्जा बहुतांशी चांगला आहे. अमेरिकेच्या डिजिटल पब्लिक लायब्ररीसोबत केलेलं, युरोप सोडून अमेरिकेला गेलेल्यांवरचं प्रदर्शन वाचण्याजोगं आहे. दोन्ही किनाऱ्यांवरचे कागद त्यात एकत्र आले आहेत, आणि हे एकट्या संस्थेला जमलं नसतं. प्रदर्शनातल्या प्रत्येक चित्राखाली मूळ नोंदीचा दुवा असतो. तिथून पुढे शोध सुरू करणं ही उत्तम पद्धत आहे, कारण त्या नोंदीतले विषयशब्द उचलून तेच पुढच्या शोधाला वापरता येतात. आपल्या मनाने सुचलेल्या शब्दांपेक्षा सूचीकाराचे शब्द नेहमी जास्त आणतात. स्वतःचं दालन करायला खातं उघडावं लागतं, तेही फुकट.

वाद्यांचा विभाग विशेष सांगण्यासारखा आहे. मिमोने २००९ ते २०११ मध्ये ४५,००० हून अधिक वाद्यांच्या नोंदी एका पद्धतीने केल्या: फोटो काढण्याचे ठरलेले नियम, अनेक भाषांतली वाद्यांची नावं एकमेकांना जोडलेली, आणि वर्गीकरण १९१४ च्या हॉर्नबोस्टेल-झाक्स पद्धतीचं. इथे एका भाषेतलं नाव टाकलं तर बाकीच्या भाषांतल्या नोंदीही येतात. सगळं युरोपियाना असं असतं तर या लेखातला निम्मा मजकूर लिहावा लागला नसता.

कुठे दुसरीकडे जावं

एकाच चित्रात खोल शिरायचं असेल तर थेट त्या संग्रहालयाकडे. राइक्सम्युझियमने २०१२ मध्ये १,२५,००० चित्रं मोकळी करून सुरुवात केली. रेम्ब्रांटच्या १६४२ च्या ‘नाइट वॉच’चं त्यांनी जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेलं छायाचित्र ८,४३९ फोटो जोडून केलेलं आणि ७१७ गिगापिक्सेलचं आहे. दोन पिक्सेलमधलं अंतर पाच मायक्रोमीटर, म्हणजे रंगाचे कण दिसतात. फ्रान्सविषयी काहीही असेल तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका बरं. ते १९९७ पासून आहे, तिथला मजकूरशोध चांगला आहे आणि प्रत्येक वस्तूला आर्क क्रमांक असतो. व्यावसायिक वापराला मात्र तिथे शुल्क पडतं. स्वित्झर्लंडमधली मध्ययुगीन हस्तलिखितं ई-कोडिचेसवर पाहावीत. सेंट गालेन मठाचा नवव्या शतकातला प्रसिद्ध आराखडा, कोडेक्स क्रमांक १०९२, तिथे पूर्ण आकारात उघडतो. गूगल आर्ट्स अँड कल्चर पाहायला देखणं आहे, पण तिथून चित्र सहसा उतरवता येत नाही आणि सूचीची माहिती जुजबी असते.

संगणकावर स्वतः प्रोग्राम लिहून मोठ्या प्रमाणात नोंदी घ्यायच्या असतील तर युरोपियानाची एपीआय, म्हणजे प्रोग्रामने थेट माहिती मागवण्याची सोय, फुकट आहे, फक्त किल्ली (ओळखीचा सांकेतिक क्रमांक) मागवावी लागते. एका विनंतीत जास्तीत जास्त १०० नोंदी येतात आणि साध्या पानवार पद्धतीने पहिल्या १,००० च्या पुढे जाता येत नाही. त्यापुढे कर्सर, म्हणजे कुठपर्यंत आलो ते सांगणारी खूण, वापरायचा: पहिल्या विनंतीत कर्सरच्या जागी तारांकन द्यायचं आणि उत्तरात आलेला नवा कर्सर पुढच्या विनंतीत जसाच्या तसा, पण पत्त्यासाठी एन्कोड करून, म्हणजे त्यातली खास चिन्हं पत्त्यात चालतील अशा रूपात बदलून. एन्कोड न करता पाठवणं ही तिथली नेहमीची चूक, कारण त्यातलं अधिकचिन्ह वाटेत रिकामी जागा होऊन जातं आणि विनंती फसते.

कुठूनही घेतलं तरी जे कामाचं आहे ते त्याच दिवशी उतरवून ठेवावं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची डिजिटल हस्तलिखितं दीर्घकाळ कुणालाच पाहता आली नाहीत. चित्राची सगळ्यात मोठी फाइल, नोंदीच्या पानाची पीडीएफ प्रत, वस्तूचा क्रमांक, हक्काची ओळ आणि उतरवल्याची तारीख, हे पाच एका फोल्डरमध्ये हवेत.